सतरा नंबरच्या घराचं छप्पर

वादळ समुद्रावरचं आहे, ते समुद्रावरच राहील, असं आम्ही लोणावळ्यातले लोक धरून चाललो होतो. कोकण घाटाखाली, आपण घाटावर, मध्ये दोन हजार फुटांची चढण. ही चढण त्याने एका दुपारीत पार केली. आमच्या सोसायटीतली तीन झाडं पडली आणि दोन दिवस वीज नव्हती. आमचं नुकसान तेवढंच. बेडशाच्या बाजूला, लेण्यांच्या डोंगराखालच्या एका वाडीत मात्र एक्केचाळीस घरांचे पत्रे उडाले.

आम्ही पाच जुने मित्र आहोत. त्यातल्या एकाची पत्र्यांच्या व्यापाऱ्याशी ओळख होती, त्यामुळे तीनशे नवे पत्रे मिळायची सोय झाली. वाटायचे कसे, हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. मी तळेगावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. शिवाय माझ्याकडे कॅमेरा आहे. मी नियम केला: प्रत्येक घराचं माप घ्यायचं आणि एक फोटो काढायचा. फोटोत मोडलेलं छप्पर दिसलं पाहिजे आणि समोर घरमालक, हातात पाटी. पाटीवर नाव आणि घराचा नंबर. फोटो नाही तर पत्रा नाही. फोटो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचे, पुण्यातला मित्र यादी करणार. पाटी माझ्या मुलीची होती, पहिलीतली.

रविवारी सकाळी आठला मी वाडीत पोचलो, आणि माझ्या नियमात काय चुकलं ते पहिल्याच घरी कळलं. फोटोवाला येणार म्हणून सगळी वाडी पहाटेपासून आवरत बसली होती. अंगणं सारवलेली, रांगोळ्या काढलेल्या. उडून गेलेले पत्रे शेतातून आणून, वाकलेले सरळ करून, भिंतीला नीट लावून ठेवलेले. एका आबांनी तर उघड्या छपरावर लग्नातला मांडवाचा कापडी पडदा ताणून बांधला होता.

"आबा, हा पडदा काढा. मला मोडलेलं दाखवायचंय."

"मोडलेलं काय दाखवायचं?" आबा म्हणाले. "फोटु काय रोज निघतो व्हय?"

पडदा काढायला त्यांनी दहा मिनिटं घेतली आणि तेवढ्यात दाढीही करून आले. असं करत करत दुपारपर्यंत सोळा घरं झाली.

सतरावं घर एका मावशींचं. वय साठीच्या आत, नवरा नाही, एकच मुलगी, ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली. दिवस भरत आले होते, महिना उरला होता. मी टेप लावला. लांबी एकवीस फूट. पत्रा साडेतीन फूट रुंद असला तरी एकावर एक चढवल्यावर तीनच फूट धरायचा, म्हणजे एका उताराला सात, दोन्हींना मिळून चौदा. त्यातले तीन जागेवर होते. अकरा गेले होते. मुलीची खाट त्या तीन पत्र्यांखाली सरकवली होती.

मी पाटी लिहिली आणि मावशींसमोर धरली. त्यांनी हात मागे बांधले.

"माझा फोटु नगं."

"मावशी, फोटोशिवाय पत्रे मिळायचे नाहीत."

"मग नगं मिळू देत. तुमी लोकं फोटु फोनवर फिरवता. हिच्या सासरचं गाव पवना धरनाच्या अंगाला हाय, तितं पोरासोरांच्या हातात बी फोन. मी इहिणीला सांगितलंय, दोन पत्रे हालले, म्हणून. अकरा गेले म्हणून कळलं तर उद्याच्याला गाडी घिऊन हुभी राहील. पोरीला नेईल."

"नेऊ दे की," खाटेवरून मुलगी म्हणाली. "तितं पंखा हाय."

"तू गप. पहिलं बाळंतपण आईच्या घरी. माझ्या आईनं माझं केलं, तवा घरात धड भिंत नव्हती."

"भिंत नव्हती, पण छप्पर होतं ना, आये?"

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं की मी टेप गुंडाळायला लागलो.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. नियम सगळ्यांना सारखा. एकाला सूट दिली तर उरलेली चोवीस घरं काय म्हणतील, हा हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. यादी त्याच संध्याकाळी बंद होणार होती, पाऊस आठवड्यावर आला होता. मी "बघा, विचार करा," म्हणून अठराव्या घराकडे निघालोसुद्धा. अंगणाच्या कडेला गेल्यावर लक्षात आलं, की नियम कशासाठी केला ते मी विसरलोय. कुणी न गेलेला पत्रा मागू नये आणि एकाच घराला दोनदा जाऊ नये, एवढ्यासाठी तो होता. मावशींच्या तोंडाचा त्याच्याशी काय संबंध?

मी परत गेलो. पाटी पुसली, नाव काढलं, नुसते १७ लिहिले. "मावशी, तुम्ही फोटोत नको, अंगण नको, दार नको. मला आत येऊ द्या."

घराच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर मी उताणा झोपलो आणि कॅमेरा वर धरला. पाटी आधीच एका वाशाला अडकवली होती. भिंगात आढं, वासे आणि त्यांच्या मधून आभाळ, कडेला तीन पत्रे.

"काका, इंचू-इंगळी बघा हां खाली," मुलगी म्हणाली. "परवाच निघाली हुती." मी दोन फोटो काढून उठलो. तिसरा काढायचा होता, पण राहिला.

संध्याकाळी पुण्यातल्या मित्राचा फोन. "सतरा नंबर काय आहे? नाव नाही, माणूस नाही, नुसतं आभाळ."

"घर आहे."

"कुणाचं?"

"ते माझ्या वहीत आहे. अकरा पत्रे लिही."

"तुझाच नियम होता."

"माहितीये. म्हणून तर मोडायला मीच पाहिजे. अकरा लिही."

त्याने लिहिले. पत्रे गुरुवारी आले, शनिवारी वाडीतल्या माणसांनी मिळून चढवले. पाऊस मंगळवारी आला.

महिन्याभराने मुलीला कामशेतच्या दवाखान्यात नेलं, मुलगी झाली, आणि तिसऱ्या दिवशी बाळ-बाळंतीण आईच्या घरी आल्या. मला बारशाचं बोलावणं होतं, "कॅमेरा घिऊन या," म्हणून. पोचलो तेव्हा पाळणा बांधलेला होता. फोटोसाठी मी उताणा झोपलो होतो, बरोबर त्याच जागेवर. सासरची आठ माणसं आलेली. विहीणबाई चहा पिता पिता वर बघत होत्या.

"पत्रे नवे दिसत्यात."

"व्हय," मावशी म्हणाल्या. "दोन हालले हुते. म्हनलं, आता घातलाच हाय हात तर बदलून टाकू."

"दोन?" विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "ते वादळ आमच्या गावावरनंच आलं हुतं की तुमच्याकडं. आमी बगितलंय त्येला." मग माझ्याकडे वळल्या. "काय भाऊ, तुमी मापं घेतली म्हनं हितं. किती हालले हुते?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशी बाळाचं अंगडं सारखं करत होत्या, पण हात थांबला होता. मी आकडा कधी चुकीचा सांगितलेला नाही. त्या दिवशीही सांगितला नाही.

"पत्रे एकूण चौदा आहेत," मी म्हणालो. "मी स्वतः मोजलेत. एकही गळत नाही."

विहीणबाईंनी माझ्याकडे, मग मावशींकडे पाहिलं. मग हसल्या. "बरं बाई. चौदाच्या चौदा हायत, मग झालं. घुगऱ्या आणा."

बारसं झाल्यावर मावशी अंगणात येऊन बसल्या. इरकली नेसलेल्या, नात मांडीवर, शेजारी मुलगी, पलीकडे विहीणबाई. मी कॅमेरा लावला तर म्हणाल्या, "भाऊ, लय जवळ हुभे राहिलाव. मागं सरा."

मी मागे सरलो.

"अजून. छप्पर येतंय का समदं?"

मी बांधापर्यंत मागे गेलो. पुढच्या उताराचे सात पत्रे, जुन्या-नव्यातला फरक दिसू नये अशा उन्हात, सगळे चौकटीत बसले. माणसं लहान झाली, बाळ तर बोटाएवढं. "आलं," मी ओरडून सांगितलं.

"आता फिरवा हा कुटं फिरवायचा तितं," मावशी म्हणाल्या.