बबिताच्या प्रगतिपुस्तकातला शेरा

घाटंजीजवळच्या तांड्यावरच्या शाळेत उज्ज्वला जाधवबाईंनी छडी कधी ठेवलीच नाही. पोरांचं जे काही उट्टं काढायचं ते त्या वर्षाअखेरीला प्रगतिपुस्तकात काढत. 'स्पष्ट वाचन करतो', 'नीटनेटका राहतो' असली ठरीव वाक्यं लिहायचा त्यांना भारी कंटाळा. एप्रिलच्या उन्हात डोक्यावर ओल्या दुपट्ट्याची घडी ठेवून त्या लिहायला बसत, एकेकाचा चेहरा डोळ्यांपुढे आणत आणि स्वतःशीच हसत. राजकुमारच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं, 'पाढे येतात. फक्त सतराचा पाढा आणि हा एकमेकांशी बोलत नाहीत.' कौसल्याच्या पुस्तकात लिहिलं, 'वर्गात झोपते, पण प्रश्न विचारला की झोपेतूनच बरोबर उत्तर देते. उठवू नये.'

तांड्यालाही या शेऱ्यांची गोडी लागली होती. एक मे रोजी निकाल लागला की देवळापुढच्या लिंबाखाली माणसं जमत, कोणीतरी शिकलेला पोरगा मोठ्यानं वाची आणि सगळे पोट धरून हसत.

सातवीतली बबिता ही नेमसिंग आणि मानीबाईची थोरली. उंच, हाडापेरानं मजबूत, मुलांच्यात कबड्डी खेळणारी. तिच्याबद्दल बाईंनी मोठ्या कौतुकानं लिहिलं होतं, 'हिच्या हाती लागलेला मुलगा आजवर सुटलेला नाही. पळायचे असेल त्याने आधी हिची परवानगी काढावी.'

लिंबाखाली हे वाचलं गेलं तेव्हा नेमसिंग तिथंच होता, सकाळपासून मोहाची चढवून. सगळे हसले. मागून कोणीतरी बोललं, की नेमसिंगची पोरगी पोट्टे धरते म्हणून आता सरकारनंच लिहून दिलं. पुन्हा हशा झाला. नेमसिंग मात्र हसला नाही. तो उठला आणि घराकडे निघाला.

बाई शाळेला कुलूप लावत होत्या तेवढ्यात मानीबाई धावत आली. डोक्यावर पदर नव्हता, ओठ फुटलेला होता.

"बाई, चाला. थो तिले मारून राह्यला. माह्यानं आवरत नाही."

दोघी पळाल्या. अंगणाच्या कुडाबाहेर पाच-सहा माणसं उभी होती; आत जायला कोणी तयार नव्हतं. नेमसिंगनं बबिताची वेणी डाव्या हाताला गुंडाळून घेतली होती आणि उजव्या हातातली बैलगाडीची उभारी, साटीच्या कडेचा तो जाड दांडका, तो तिच्या पाठीवर, मांड्यांवर, जिथं बसेल तिथं घालत होता. पोरगी ओरडत नव्हती. तिचा एक हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता. अंगणातल्या मातीत प्रगतिपुस्तकाचे तुकडे तुडवले गेले होते.

बाईंनी आधी शब्द वापरून पाहिले. जन्मभर त्यांनी शब्दांवरच निभावलं होतं. ते मी गमतीनं लिहिलं, पोरगी गुणाची आहे, असं काहीबाही त्या बोलत राहिल्या. नेमसिंगनं मान वळवून उभारी त्यांच्या खांद्यावर हाणली. बाई चुलीशेजारी कोसळल्या. कळ मस्तकात गेली. उठेपर्यंत त्यानं पोरीचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. दुसऱ्यांदा आपटायला त्याला दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यानं उभारी खाली टाकली.

ती बाईंनी उचलली.

पहिला फटका त्याच्या कानामागे बसला. तो गुडघ्यावर आला आणि वेणी त्याच्या हातातून सुटली. खरं म्हणजे तिथंच भागलं होतं. पण बाई थांबल्या नाहीत. तो मातीत आडवा झाला, डोक्यावर हात धरले, तर त्यांनी त्या हातांवर मारलं. बोटं मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. आपल्या तोंडून शिव्या निघताहेत हेही त्यांना ऐकू येत होतं, बंजाऱ्यांच्या गोरबोलीतल्या, माहेरी नेरला लहानपणी ऐकलेल्या. मानीबाईनं मागून मिठी मारली तेव्हा कुठं उभारी खाली आली.

"बस करा बाई. मरून जाईन थो."

तांड्यावरच्या रामधनच्या ऑटोत पोरीला घालून त्यांनी घाटंजी गाठली, तिथून यवतमाळ. हाताला सळई घालावी लागली. डोक्याचं दुखणं निभावलं.

पोलीस आले. जमादार भला माणूस होता. दारूच्या नशेत पडून नेमसिंगचं डोकं फुटलं असं लिहू का, असं त्यानं हळूच विचारलं. तांड्याचे नाईक हरिसिंग यांनीही तसंच सुचवलं. बाईंनी दोघांनाही नाही म्हटलं.

"त्यानं मले मारलं, मी त्याले मारलं. तो पडल्यावरही मारलं. दोन्ही लिहा."

मग दोन गुन्हे नोंदले गेले आणि दोन्हींच्या तारखा अजून सुरू आहेत. शिक्षण खात्यानं बाईंना तीन महिने घरी बसवलं. मानीबाईनं मात्र जबानी फिरवली नाही, आणि लेकीला घेऊन ती भावाकडे राहायला गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर बबितानं बाईंना सांगितलं होतं, की त्या शेऱ्याचं मनावर घेऊ नका, याच्याआधी तर काही न लिहिताही मार खाल्ला आहे. बाईंना त्यानं हलकं वाटलं नाही. रात्री कूस बदलताना खांदा दुखे, आणि तळव्यात त्या फटक्यांची झिणझिणी जागी होई. मारताना बरं वाटलं होतं, हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

जूनमध्ये बबिताला आठवीत घालायला त्या घाटंजीला घेऊन गेल्या. बाजाराच्या रस्त्यावर समोरून नेमसिंग आला. दोन बोटं वाकडी झालेली, कानामागे टाक्यांची रेघ. बाईंना पाहताच त्याची मान खांद्यात गेली, हात आपसूक डोक्याकडे वर गेला आणि तो अंग चोरून एका दुकानाच्या पायरीला चिकटला.

बबिता खुदकन हसली. बाईंनी तिचा बरा हात धरला आणि पावलं भरभर उचलली.