दोन यंत्रांमधला दुभाषी

बैठकीत सगळे माना डोलवत असताना "मले नाही समजलं" असं शांतपणे सांगणारा एकच माणूस आमच्या ऑफिसात होता. रियाजभाई. ढाणकीचे, पंप दुरुस्त करणाऱ्या घरातले. पुण्याहून आलेले आमचे साहेब तासभर इंग्रजीत बोलले की आम्ही "हो सर" म्हणून मोकळे व्हायचो. रियाजभाईंना न समजलेलं साहेब पुन्हा सांगायला लागायचे, आणि पुष्कळदा तेव्हा कळायचं की ते साहेबांनाही समजलेलं नव्हतं.

आम्ही त्यांना दुभाषी म्हणायचो. ते बोंडअळीचं वर्ष होतं. लोक जहाल औषधं फवारत होते आणि शेतातच चक्कर येऊन पडत होते. यवतमाळच्या आमच्या संस्थेत गावोगावचे फोन यायचे, ते मी नोंदवायचे. नोंदी पुण्याच्या सर्व्हरवर साठायच्या. आजाऱ्यांची यादी हवी असली की आमच्या प्रोग्रामात अट लिहायची: तालुका झरी जामणी, फवारणीनंतर चक्कर, गेल्या दोन दिवसांत. पण सर्व्हरला ती भाषा कळत नसे. त्याला सगळं वेबच्या पत्त्यात, प्रश्नचिन्हापुढच्या एका लांबलचक ओळीत विचारावं लागे. आमची अट त्या ओळीत उतरवणारा प्रोग्राम रियाजभाईंनी लिहिला होता.

तो अगदी त्यांच्यावर गेला होता. अट उतरवता आली नाही तर थांबायचा आणि पडद्यावर लिहायचा, 'ही अट मले नाही समजली.' मी एकदा चिडून म्हटलं, "रियाजभाई, समजलं तेवढं तरी पाठवू द्या ना त्याला."

"ताई, सवाल अर्धा इचारला तरी सर्व्हर जवाब देतेच," ते म्हणाले. "मंग गलती झाली हे आपल्याले समजतच नाही."

एकदा पाहुण्यांसमोर ते वऱ्हाडी वाक्य पडद्यावर आलं आणि साहेबांना लाज वाटली. पुण्याहून नवा, तयार प्रोग्राम आला. तो कधीच थांबत नसे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रियाजभाईंकडे प्रिंटर सोपवण्यात आला.

पंधरा दिवसांनी आमच्या संस्थेच्या डॉक्टरांची गाडी नवी यादी घेऊन झरी जामणीकडे गेली. दुपारी डॉक्टरांचा फोन आला. "पाच घरं झाली, सगळे धडधाकट आहेत. एकानं मागच्या वर्षीची चक्कर सांगितली आणि चहा पाजला."

मी साहेबांकडे गेले. "यादी आली ना? मग सिस्टीम बरोबर आहे," ते म्हणाले. तिथून मी प्रिंटरपाशी गेले.

रियाजभाईंनी माझ्या पडद्यावर ती ओळ उघडली आणि बोट ठेवून वाचत गेले. "तालुका आहे. चक्कर आहे. दोन दिवस कुठं गेले?" नव्या प्रोग्रामला तेवढी अट उतरवता आली नव्हती. त्यानं ती गुपचूप गाळली होती. रियाजभाईंनी परवाची तारीख हातानं त्या ओळीत घातली. कित्येक पानांच्या यादीतून सात नावं उरली. त्यात मुकुटबनच्या सुमनबाई होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरचा फोन मीच घेतला होता. सकाळच्या यादीत त्या शेवटच्या पानावर होत्या. मी नोंदीतून त्यांचा पत्ता काढला. डॉक्टरांना फोन रियाजभाईंनीच लावला.

डॉक्टर पोचले तेव्हा बाई शुद्धीवर नव्हत्या. आठ दिवस दवाखान्यात काढून त्या वाचल्या. पुण्याच्या अहवालात नव्या प्रोग्रामच्या तत्परतेचं कौतुक झालं. प्रिंटरसाठी वेगळ्या माणसाची गरज नाही, असं पत्र रियाजभाईंना त्याच महिन्यात मिळालं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी सुमनबाई तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आल्या. "ज्या साहेबानं मले वाचवलं, त्याले भेटाचं आहे." शिपायानं त्यांना थेट साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. शेंगा स्वीकारतानाचा फोटो निघाला. खरं सांगायला मी उठले, तर रियाजभाई म्हणाले, "राहू द्या ताई."

केबिनबाहेर येताच दम लागून बाई रियाजभाईंच्याच टेबलाशी बसल्या. त्यांनी पाणी दिलं. "अजून चक्कर येते का, मावशी?"

"सकाळी येते जराशी. तुमी डाक्टर आहा का?"

"नाही," ते म्हणाले आणि विचारत बसले. जराशी म्हणजे किती वेळ, उठल्यावर की चालल्यावर, जेवणाआधी की नंतर. सगळं एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी ती बाईंना दवाखान्यात दाखवायला दिली. तोवर रियाजभाईंची गावी, ढाणकीला जाणारी बस निघून गेली होती.