भिंत धुवायची का सारवायची

माझं लग्न एका भिंतीपायी अडलं होतं, असं सांगितलं की घरातल्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसू द्या. ज्याचं अडतं त्यालाच ठाऊक. तेव्हा आमच्या जोयड्याच्या रानात मोटार बघितलेला माणूस सापडला नसता. कुंभारवाडा गावाच्या अंगाला आमचं घर. पुढं भाताची खाचरं, मागं जंगल, आणि घरात आम्ही तीन गडी. अप्पा म्हणजे माझे वडील, त्यांचा धाकटा भाऊ म्हणजे माझा काका, आणि मी. मला मिसरूड फुटायच्या आधीच आई गेली. काकानं लग्नच केलं नाही. का केलं नाहीस म्हणून विचारलं की म्हणायचा, "कुणी कर म्हनलंच न्हाई."

बाई नसलेलं घर लांबूनच ओळखू येतं, आणि ते भिंतीवरून. आमच्याकडं भिंती कुडाच्या. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या, त्यावर मातीचा गिलावा थापायचा, आणि वरून शेणमातीचं सारवण. पावसाळ्याआधी बाहेरून गवताचे तट्टे बांधायचे, म्हणजे पावसाचा मारा भिंतीला लागत नाही. पाऊस सरला की तट्टे सोडायचे. तेव्हा आतली जी भिंत दिसते ती कुणाला दाखवायच्या लायकीची नसते. हिरवं शेवाळ, काळे डाग, वाळवीच्या रेघा. मग घरोघरच्या बायका तांबडी माती नि शेण कालवून भिंत पुन्हा नवी करतात. काम बाईचंच. गडी माणूस नांगर धरील, झाड तोडील, अस्वल आलं तर काठी घेऊन उभा राहील, पण भिंतीवर शेणाचा हात फिरवणार नाही. फिरवला तर गाव त्याला जन्मभर लुगडं नेसवणार.

त्यामुळं आई गेल्यापासून आमच्या भिंतीला कुणाचा हात लागला नव्हता. भावकीतल्या शेजाऱ्याशी अप्पांचं म्हशीवरून वाजलेलं. त्या घरच्या बायका आमच्या अंगणाकडं मान वळवून बघतही नव्हत्या, मग सारवायला कोण येतंय? माझ्यासाठी स्थळं यायची. मुलीकडची माणसं घर बघायला यायची, खाचरं बघून खूश व्हायची, गोठा बघून मान डोलवायची, आणि भिंतीसमोर आली की गप्प. गूळपाणी घेऊन म्हणायची, "कळवतो." काय कळवतायत, कपाळ. एकाचाही निरोप आला नाही.

मग दिग्गी गावचं स्थळ आलं. ती मुलगी मी जत्रेत बघितली होती. कासार बांगड्या भरताना तिचा हात दाबत होता आणि ती त्याला म्हणत होती, "हात माझा हाय, मुसळ न्हवं." मला ती फार आवडली. आता या वयात लाजायचं काय, सरळ सांगतो, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. निरोप आला की उद्या दुपारी घर बघायला येतो, मुलीची आईसुद्धा येणार आहे. आई येणार म्हटल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुरुष खाचर बघतो, बाई भिंत बघते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी विषय काढला. "अप्पा, सारवूया आपणच."

मी त्यांना नाकात नथ घालायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आपन? सारवायचं?"

तेवढ्यात काकाला सुचलं. "सारवायचं न्हाई. धुवायचं. धुन्याला गडी चालतो."

काका म्हणजे आमच्या घरातला जगप्रवासी. तो काही वर्षं कॅसलरॉकच्या स्टेशनावर रेल्वेचे डबे धुवायला होता. जेवताना, झोपताना, म्हैस पिळताना तो तेच सांगायचा. डब्याला कसं पाणी मारायचं, कसा सोडा लावायचा, साहेब कसा खूश व्हायचा. अप्पांना त्याचं हे ऐकून वैताग यायचा, पण आज त्यांनाही पटलं. बैल धुतो तो गडीच, ओढ्यावर घोंगडं बडवतो तोही गडीच. मग भिंत धुतली तर कोण काय बोलणार? ठरलं, धुवायचं. सारवायला नको म्हणून भिंत धुवायला निघालेली आमच्यासारखी माणसं आमच्याच भागात निपजतात.

सुरुवात जोत्यापासून केली. जोतं जांभ्याचं. काकानं नारळाच्या सोडणानं घासलं, मी ओढ्यावरून घागरी आणून ओतल्या, आणि शेवाळ निघून तांबडा दगड असा लखलखला की अप्पा स्वतःशीच हसले. मग सोप्याचे सागवानी खांब. ते राख लावून पुसले. तेही निघाले. तिथंच आमचं डोकं फिरलं. दगड निघाला, लाकूड निघालं, आता भिंत कुठं जाते?

पण भिंत कशी धुवायची यावर दोघा भावांचं जुंपलं. काका म्हणाला, "वरनं खाली. डबा तसाच धुत्यात."

अप्पा म्हणाले, "खालनं वर. आदी पाय भिजवायचं, मग पाठ. एकदम पाठीवर पानी मारलं की जनावर बिथरतं."

"अप्पा, भिंत कशी बिथरंल?" मी म्हणालो.

"तू गप. लगीन तुजं हाय म्हनून शानपन शिकवू नगंस."

सूर्य वर यायला लागला तरी यांचं वरनं का खालनं चाललेलंच. शेवटी अप्पांनी खालून धरायचं, काकानं वरून, आणि मधे एकमेकांना गाठायचं असं ठरलं. काकानं फडक्यात जपून ठेवलेला रेल्वेचा सोडा काढला. तो त्याला दिलेला की त्यानं उचललेला, हे मी कधी विचारलं नाही. सोडा पाण्यात कालवला आणि पहिली घागर भिंतीवर मारली.

शेवाळ झरझर खाली आलं. मला तर नाचावंसं वाटलं. दुसऱ्या घागरीला तांबडं पाणी यायला लागलं.

"बग, मळ सुटतोय," काका म्हणाला.

आणखी पाणी मारलं. एक ढेकूळ सुटून अप्पांच्या पायाशी पडलं. अप्पा त्याच्याकडं बघून म्हणाले, "लई वर्सांचा मळ हाय. निगंल तेवडा काडूया."

आता तुम्ही म्हणाल, तिघांना एवढं कळू नये? कळत नव्हतं असं नाही. पण एकदा धुवायचं म्हटलं ना, मग जे निघेल तो मळ. माणूस एकदा इरेला पेटला की त्याला डोळे असून दिसत नाही. दारालगतचा भिंतीचा मोठा तुकडा असा ओला होऊन सावकाश खाली बसला, आणि कारवीच्या काठ्या उघड्या पडल्या. काकानं दोन काठ्यांमधून आत डोकावलं आणि अप्पांना म्हणाला, "अण्णा, हितनं चूल दिसाय लागली."

माझं डोकं असं सणकलं की मी हातातली घागर अंगणात आपटली. मी काकाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. रेल्वेला बोललो, साहेबाला बोललो, अप्पांच्या बैलांनासुद्धा सोडलं नाही. मी तिथंच जोत्यावर बसलो आणि मला रडू आलं. ती पोर गेली हातची, एवढंच डोक्यात. उद्या कुणीतरी तिला घेऊन जाईल, आणि आम्ही तिघं या भोकातून एकमेकांना चूल दाखवत म्हातारे होऊ.

अप्पा वळले. गोठ्यात गेले आणि शेणाची बुट्टी डोक्यावर घेऊन आले. मग हळूच म्हणाले, "दार लाव. कुनी बगंल."

"कुटलं दार, अप्पा? भिंतच न्हाई."

तरी ते खाली बसले. पडलेली माती गोळा केली, शेण घातलं, पायानं तुडवलं. पहिला हात फिरवला तर सगळं ओघळून खाली. काकानं फिरवला, त्याचंही तेच. मग अप्पांनी मातीचा एक गोळा उचलून बोटांत कुस्करला. "तुजी आई भुसा घालायची," ते म्हणाले. मी भुसा आणून घातला आणि माती धरायला लागली. आई हात कसा अर्धगोल फिरवायची तेही त्यांनी करून दाखवलं. इतकी वर्षं त्यांनी ते बघून ठेवलं होतं आणि आम्हाला माहीत नव्हतं. मला पुन्हा रडू आलं, पण वेगळ्या कारणानं.

तिघंही कोपरापर्यंत माखलो होतो, काकाच्या मिशीला शेण, भिंत अजून अर्धी उघडी, तोच मागून खाकरल्याचा आवाज आला. पाहुणे. वाटेवर अस्वल फिरतंय म्हणून बाजाराला निघालेल्या माणसांच्या सोबतीनं पहाटेच निघाले होते, ते दुपारच्या कितीतरी आधी येऊन ठेपले. पुढं मुलीचे वडील, खांद्यावर घोंगडं. मागं मुलीची आई, उंच, सावळी, डोळे भिंतीवर.

अप्पांनी हात झटकन पाठीमागं लपवले. काकानं लपवले. मीही लपवले. मुलीच्या वडिलांनी भिंत बघितली, आम्हाला बघितलं आणि ओठ दाबून हसू आवरलं. "गडी मानसं सारवाय लागली व्हय हितं?" ते बायकोला म्हणाले. "चल. मागनं कळवूया."

झालं, कळवूया आलं.

पण बाई हलली नाही. ती जोत्यावर चढली, ओल्या भिंतीवरून एक बोट फिरवलं आणि आमच्याकडं वळली. "हात बगू."

अप्पांनी लहान पोरासारखे हात पुढं केले. मग काकानं, मग मी. नखांत माती, कोपरावरून शेणाचं पाणी ठिबकत होतं. तिनं तिघांचे हात नीट बघितले आणि नवऱ्याला म्हणाली, "आता तुमचं दाकवा."

त्यांनी हात घोंगड्याखाली घेतले.

"पोर हितंच द्यायची," ती म्हणाली. "जलमभर तुमच्या भिंती मी एकटीनं सारवल्या."

मुलीच्या वडिलांना कोरड पडली असावी, त्यांनी पाणी मागितलं. काकानं धावत जाऊन तांब्या भरून आणला. त्यावर त्याच्या शेणाच्या हाताची पाची बोटं उठली होती. माझ्या सासऱ्यांनी बायकोकडं एकदा बघितलं आणि ते पाणी मुकाट्यानं पिऊन टाकलं.