आरणीच्या गळ्यातली डबी

नांदेडच्या त्या गेम कंपनीत सगळी मिळून सहा माणसं होती. अंजू सातवी, आणि ती लातूरला घरी बसूनच काम करायची. "तीन महिने बघू, मग ठरवू," असं कंपनी चालवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तिसरा महिना संपत आला होता. सोमवारी हैदराबादहून काही लोक गेम बघायला येणार होते, आणि त्यांना आधी दाखवायची होती ती अंजूनं घडवलेली आरणी.

आरणी म्हणजे गेममधली रानातली वैद्यीण. खेळणाऱ्यानं तिचं रूप घ्यायचं, जंगलात शिरायचं, राक्षसांशी लढायचं आणि वाटेत जखमी सापडले तर बरे करायचे. अंजूनं आधी असल्या गेममधल्या बायका पाहून घेतल्या. कुणाच्या अंगात लोखंडी चोळी, कुणाच्या पायात उंच टाचा. तिला हसूच आलं. ही बाई बोराटीच्या काट्यांत शिरली तर संध्याकाळपर्यंत तिथंच अडकून बसायची!

अंजूच्या वडिलांचं, सिद्धेश्वरअप्पांचं, कापडाचं दुकान. ती लहानपणापासून इरकलीच्या घड्या घालत आलेली. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकली, तरी कापड कसं पडतं हे तिच्या बोटांना आधीच ठाऊक होतं. तिनं आरणीला गर्द हिरवी इरकल नेसवली, पळता यावं म्हणून काष्टा घातला, वर खणाची चोळी, पायात जाड वहाणा. गळा तेवढा मोकळा राहिला. समोर आई, उमाबाई, तूर निवडत बसली होती. वाकली की तिच्या गळ्यातली चांदीची डबी पदराबाहेर लोंबायची. आत इष्टलिंग, लिंगायत माणूस रोज हातावर घेऊन पुजतो ते. अंजूनं ती डबी पांढऱ्या दोऱ्यासकट पडद्यावर रेखली आणि आरणीच्या गळ्यात घातली. जखमीला बरं करताना आरणी ती मुठीत धरणार, असंही ठरलं.

सरांना डबी फार आवडली. लखननं, म्हणजे आरणीला चालतं-बोलतं करणाऱ्या पोरानं, मूठ धरण्याची ती हालचाल तीन दिवस खपून बसवली.

शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ आला. आरणी लढली, घाव बसला, कोसळली. गेमच्या नियमाप्रमाणे तिच्या अंगावरचं सामान भोवती विखुरलं. काठी, पट्टा, आणि ती डबी. डबी घरंगळत दगडाला लागली आणि राक्षस तिच्यावर पाय देऊन पुढं गेला.

अंजूनं पटकन लॅपटॉपचं झाकण लोटलं. आई आतच होती.

तिनं लखनला फोन लावला. "डबी खाली पडायला नको, लखन."

"का गं? सगळ्यांचंच पडतंय की. दागिने पडतात, समोरचा उचलतो, गेम पुढं जातो."

"तो दागिना न्हाई."

"तूच दागिन्यात लिहिलंस की! यादी बघून करायलो मी."

यादीत तीनच रकाने होते: कपडे, शस्त्रं, दागिने. अंजूनं डबी तिसऱ्यात टाकली होती. ती गळ्यातून उतरत नाही, हे लिहावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. आपले डोळे उतरत नाहीत हे कुणी लिहितं का?

"सहाला फाइल बंद व्हायली," लखन म्हणाला. "डबी काढलीस तर माझी मूठ रिकामी. तीन दिवस गेले पाण्यात. गावी लोह्याला बहिणीच्या साखरपुड्याला बी गेलो न्हाई मी, तुझ्या आरणीपायी!"

फोन ठेवला तेव्हा मागं आई उभी होती.

"काय पडलं गं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. अंजूनं झाकण उघडलं आणि व्हिडिओ लावला. उमाबाईंनी आधी साडीच बघितली. "काठ बरा काढलास की." मग आरणी कोसळली. आईचा हात आपसूक छातीशी गेला.

"आई, चुकून झालंय. मी तिला डबी चिकटवून टाकते. मेली तरी अंगावरच राहील, परत उठली तरी तिथंच."

"माणूस मेल्यावर बी काढत न्हाईत ते. संगतीच माती देतात." आईनं पडद्यावरच्या आरणीकडं पुन्हा बघितलं. "पण ही मरून परत उठती म्हणालीस ना? रोज किती बारी मरती?"

"खेळणाऱ्यावर हाय."

"आन् पूजा कवा करती?"

आरणीच्या दिवसात पूजा कुठंच नव्हती; नुसती डबी चिकटवून भागणार नव्हतं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती तूर निवडायला निघून गेली.

पावणेपाच वाजले होते. अंजूनं आरणीच्या गळ्यातली डबी पुसून टाकली. आरणीचा गळा उघडा-बोडका दिसायला लागला. मूठ हवीच होती, म्हणून मुठीत मावेल असं काहीतरी हवं होतं. तिनं खणाच्या उरलेल्या कापडाचा बटवा शिवावा तसा काढला; आत मुळ्या, तोंडाला नाडी. माप डबीचंच ठेवलं, लटकण्याची जागाही तीच, म्हणजे लखनची हालचाल वाया जाणार नव्हती. दोनदा बटवा मुठीतून आरपार गेला. तिसऱ्यांदा बसला. सहाला सात मिनिटं कमी असताना तिनं फाइल पाठवली.

लगेच सरांचा मेसेज आला. "डबी कुठंय? तीच तर खास होती. कारण?"

"फाइल जड होत होती," तिनं टाइप केलं. हे कुणालाही पटलं असतं. बोट पाठवायच्या खुणेवर थांबलं. पुढच्या पात्राला सरांनी पुन्हा तीच डबी मागितली तर? तिनं ते खोडलं आणि लिहिलं, "सर, ते इष्टलिंग होतं. आमच्यात ते अंगावेगळं करत नाहीत. मी विचार न करता दागिन्यात टाकलं. चूक माझी आहे. बटवा पडला तरी चालेल, डबी नाही."

मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर आधी लखनचं आलं: "मूठ बसली. वाचलो."

सव्वासहाला सरांचं उत्तर आलं. "बटवा राहू दे. सोमवारी ते लोक डबीचं विचारतील, त्यांनी जुनं चित्र पाहिलंय. तूच लातूरहून कॉलवर सांग."

अंजूनं आजवर मीटिंगमध्ये आपला माइकसुद्धा उघडला नव्हता. ती उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आई," ती म्हणाली, "परक्या माणसाला हे कसं सांगायचं गं?"

उमाबाईंनी सूप बाजूला सारलं. "बस हितं," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगून बघ."