पाणी न घातलेला अर्क

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि माझ्यासारख्यानं एखादी गोष्ट न सांगणं म्हणजे काय, ते जवळा बाजारच्या आठवडी बाजारात कुणालाही विचारा. मी उंदीर पाहिला तर गावात वाघ पोचतो. आमच्या विहिरीत मगर निघाली होती आणि ती मी धोतरात बांधून आणली, असं छातीठोक सांगणारा माणूस मी. तरी ही एक गोष्ट, वांग्यांची, पोटातच राहिली.

जरा फिरून येतो. सरळ जायला अजून पाय धजत नाही.

नव्वदनंतरची ती वर्षं. कपाशीवरची अळी विकतच्या औषधाला दाद देईना. मी मात्र भाजीसाठी घरचा अर्क करायचो. माठात गोमूत्र, त्यात ठेचलेली हिरवी मिरची, लसूण, तंबाखू, निंबोळ्या. तोंडाला फडकं बांधून उकिरड्याजवळ ठेवून द्यायचा. पुढं असा वास सुटायचा की म्हैस पान्हा चोरायची. मी सांगायचो, इथं फडकं सोडलं की कळमनुरीचे किडे शिंकतात. लोक हसायचे आणि बाटल्या भरून न्यायचे. काम करायचा तो, खोटं कशाला बोलू? फक्त एक पथ्य होतं — तांब्याभर अर्काला घागरभर पाणी, आणि फवारणी उन्हं कलल्यावर.

मळा वहिनीचा. म्हणजे जमीन घरचीच. पण थोरल्या भावाशी लग्न होऊन आली तेव्हा तिनं माहेराहून वांग्याचं बी आणलं आणि विहिरीजवळ वाफे केले. रोज सकाळी पानं उलटून बघायची. मान टाकलेला शेंडा दिसला की खुडून आतली अळी चिरडायची. अर्क माझा, पण माप तिचं. मी ओतायला गेलो की तांब्या हातातून घ्यायची. माझ्या थापाही घरात सगळ्यात आधी तीच ओळखायची. "भावजी, मगरीचं शेपूट जरा आखूड करा," म्हणायची. मला ते आवडायचं नाही. म्हणजे — शेपटाचं आवडायचं. तांब्याचं नाही.

तर वहिनीला कावळा शिवलेला. त्या दिवसांत आमच्याकडे बाई ओसरीच्या टोकाला बसायची, मळ्यात पाय टाकायची नाही. विटाळ झाला तर भाजी जळते, असं सगळे मानायचे. मळा माझ्यावर आला. पारावर कुणीतरी डिवचलं, "तुह्या अर्कात समदं पानीच हाय की रं." झालं. मला तेवढं पुरतं. पारावरचे चहाला गेले आणि मी घरून पंप घेऊन मळ्यात, एकटाच. भर उन्हात पंपात निव्वळ अर्क ओतला आणि सगळे वाफे झोडपून काढले.

एक-दोन दिवसांत पानं कडेनं करपली. मग झाडं उकडल्यासारखी झाली, फुलं वाफ्यात गळून पडली.

मायनं कमरेवर हात ठेवून विचारलं, "कोन गेलतं रं मळ्यात?"

इथं सांगता आलं नसतं का? माप चुकलं — एवढंच तर होतं. मायनं चार शिव्या दिल्या असत्या, पारावरचे काही दिवस हसले असते. पण जगाला हसवणाऱ्याला स्वतःवरचं हसू सोसत नाही. मी म्हणालो, "वहिनी गेलती. म्या पाह्यलं."

ती ओसरीच्या टोकालाच होती. उठली नाही. "भावजी, तुमी पाह्यलं?"

"व्हय."

शेपूट आखूड करा, असं ती त्या दिवशी म्हणाली नाही.

मायनं तिचा मळा बंद केला. त्या चार दिवसांपुरता नव्हे, कायमचा. भावानं मायचंच ऐकलं. पुढच्या वर्षी मी तेच बी लावलं, पाणी बराबर घातलं. वांगी अशी आली की — नाही, इथं वाढवत नाही. चांगली आली. माय सगळ्यांना दाखवत फिरली: बाईचा पाय बंद झाला अन् मळा हसाया लागला. माझं खोटं माझ्याच चांगल्या कामानं पक्कं केलं.

पुढं आखाडा बाळापूरहून माणसं अर्काला येऊ लागली. पाणी घाला, असं प्रत्येकाला बजावायचो. न घातलं तर काय होतं, असं विचारलं की पंपाचं पितळ वितळल्याची गोष्ट सांगायचो.

माय गेली. वहिनीला अडवणारं कुणी उरलं नाही. तरी ती मळ्याच्या फाटकापर्यंतच यायची, वांग्यांसाठी रिकामी टोपली माझ्या हाती द्यायची. मला वाटायचं, राग आहे. राग असता तर बरं होतं.

एकदा पुतणी शाळेतून येऊन वांगी तोडायला निघाली. वहिनीनं फाटकातच तिचा हात धरला. "थांब बाई, तुला शिवलंय. माझ्यापायी एकदा समदा मळा जळाला."

"असं कुठं असतंय, मम्मी?"

"असतंय. तुझ्या काकानं पाह्यलं ना. मलाच याद न्हाई, कवा गेले आत."

पोरगीनं माझ्याकडं पाहिलं. मी अर्कात पाणी ओतत होतो. ओतत राहिलो. ती बाहेरच थांबली.

वहिनी त्या दिवशी मळ्यात गेली नव्हती. मी पंप घेऊन निघालो तेव्हा ओसरीवरून तिनं हाक मारली होती — "भावजी, पानी बराबर घालताल ना?"

मी व्हय म्हणालो होतो.