देवऱ्यांचे स्पीकर आणि आक्कांची कॉट

जिन्यात दोघी बोलत होत्या, "नव्या स्पीकरला जागा हवी म्हणून देवऱ्यांनी म्हणे आईला घरातनं..." मला बघून गप्प झाल्या. समोरच्या दारात राहून मलाच पत्ता नाही! देवऱ्यांकडचे किस्से माझ्याकडे ढीगभर आहेत, पण हा हसण्यावारी नेता येईना. हॉलमधल्या खिडकीशी कॉटवर बसून कॉलेज रोड बघणं, एवढंच तर देवऱ्यांच्या आईचं, आक्कांचं जग.

सीडी नव्या होत्या तेव्हापासून दर रविवारी देवरे, लासलगावचे बोरसे आणि बँकेतले जोशी दोन-दोन जोड्या लावून कोणता स्पीकर सरस ते ठरवायचे. एकच तबला सकाळभर. जोशी म्हणाले, "या जोडीत तबल्याची शाईसुद्धा ऐकू येते."

आक्का म्हणाल्या, "मला नुसता तबलाच ऐकू येतो बाई. वय झालं."

एकदा स्पीकरपुढे चादर बांधली. आतून देवऱ्यांच्या बायकोने, सुलभाने गुपचूप वायर बदलायची, यांनी ओळखायचं. बोरसे डोळे मिटून म्हणाले, "हां, हा मोकळा आवाज. मघाचा डब्यातला होता."

सुलभा स्वयंपाकघरातून आली. "अहो, कुकर लावत होते. वायर बदलायचीच आहे अजून."

बोरसे म्हणाले, "लय बारीक फरक असतो वहिनी. एकाच स्पीकरमध्येसुद्धा."

मग मनगटाएवढी जाड वायर आली, लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेली. जमिनीला टेकली की आवाज मळतो म्हणे. मी म्हटलं, "मग फरशी पुसून घ्या की."

तर, जिन्यातलं ऐकलं त्या दिवशी साबुदाण्याची वाटी घेऊन देवऱ्यांकडे गेले. खिडकीशी कपाटाएवढे दोन स्पीकर, कॉट गायब. सुलभा हळूच म्हणाली, "आक्कांना गाद्या-गोधड्यांसकट चांदवडला नणंदेकडे पोचवलं. मी नको म्हणत होते."

रविवारी तिघे ऐकायला बसले. आवाज रिकाम्या टाकीत घुमल्यासारखा. गालिचा घातला, उशा रचल्या, काही होईना. शेवटी जोशी म्हणाले, "देवरे, तो घुमारा आक्कांची कॉट खात होती. दोन गाद्या, चार गोधड्या..."

सोमवारी देवरे पहिल्या एसटीने चांदवडला.

म्हणजे जिन्यातलं खरं होतं, पण अर्धंच. स्पीकरसाठी आई गेली आणि स्पीकरसाठीच परत आली. मी आक्कांना विचारलं, "राग नाही आला?"

"आला ना. त्याला म्हटलं, खिडकीशीच बसेन, नाहीतर गोधड्या चांदवडलाच राहतील."

पुढच्या रविवारी बोरशांनी मान वाकडी केली. "डाव्या बाजूला जरा बोजड वाटतंय."

देवरे कॉटकडे वळले. "आई, थोडी उजवीकडे सरकतेस?"

आक्का बाहेर बघत म्हणाल्या, "त्याला सरकव."

देवरे आणि जोशी, दोघांनी मिळून स्पीकर उचलला.