सावडीची बाई

बसून केलेल्या कामाला ती कामच म्हणत नसे. खोपोलीजवळच्या औषधाच्या कारखान्यात आम्ही बाया बाटल्यांवर लेबलं चिकटवायचो. मशीनवर पुरुष आणि पॅकिंगला बाया, ही तिथली वाटणी. कोणी ठरवली देव जाणे. प्रत्येकीला स्टूल होतं. ती कामाला लागली त्या दिवशीच तिनं आपलं पायानं मागं सरकवलं आणि भाताची रोपं लावावीत तशी कंबरेत वाकून लेबलं लावायला लागली.

"बस की गं, पाठ मोडेल," मी म्हटलं.

"बसली का हात मंदावतो. तुमी घाटावरच्या बसक्या बाया."

मला राग आला, पण खोटं नव्हतं. मी नगरकडची. आमच्याकडं बाया उकिडव्या बसून खुरपतात. इथं भाताच्या चिखलात बसणार कुठं? तुम्हीही बघा कधी, बाई कामाला कशी लागते त्यावरून तिचा मुलूख कळतो.

तिचा नवरा वारलेला, मुलगा ट्रकवर. खालापूरकडच्या गावात भाताची थोडी खाचरं होती आणि ती सावडीवर लावायची. सावड म्हणजे उसनं काम. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. ती दुसरीच्या लावणीला गेली नाही, तर तिच्या खाचरात कोणी उतरणार नव्हतं. आणि आषाढात आम्हाला रजा मिळत नसे. सगळ्या हंगामी, न सांगता राहिली की कायमची घरी. आठवड्याची सुट्टी तेवढी, तीही प्रत्येकीला वेगळ्या वारी.

पहिल्या आषाढात तिच्या गावची लावणी तोंडावर आली. मग ती माझ्याजवळ आली.

"तुमची ज्वारी कवा काढता गं?"

"माघात."

"मंग झालं की. आता तुझ्या सुट्टीच्या वारी तू माझ्या जागेवर ये, मी लावणीला जातंय. माघात मी तुझ्या जागेवर येन. सावडच हाय."

आम्ही साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "टेबल रिकामं दिसता कामा नये. बाकी तुमचं तुम्ही बघा."

बघता बघता सगळ्या पॅकिंगमध्ये घाटावरची एक आणि खालची एक अशा जोड्या लागल्या. मी उपकार मानायला गेले की ती हात झटकायची. "सावड अंगावर ठेवू नये गं, येवढंच."

मग एका ज्येष्ठात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याआधीच्या माघात तिनं माझ्या पाळीचे दोन वार जास्तीचे भरले होते. माझी फेड राहिली होती.

आषाढात सुट्टीच्या वारी मी तिच्या गावी गेले. सुनेचे दिवस भरत आलेले. रोपं वाढून पिवळी पडायला लागली होती आणि शेजारच्या बाया बांधावर नुसत्या उभ्या. वाईट नव्हत्या त्या.

"आमी उतरू," एक म्हणाली, "पन ही सावड आता फेडनार कोन?"

"मी फेडेन," मी म्हटलं. "दर सुट्टीला येईन."

"घाटावरच्या ना तुमी? चिखल झेपंल का?"

असंच तीही म्हणाली असती. बाया एकेक करून खाचरात उतरल्या. मी पदर खोचला, रोपांची जुडी घेतली आणि तिच्यासारखी कंबरेत वाकले.